रंगीत स्लॅब की करडा रुपया?

समजा, दोन रुपये समोर आहेत. दोन्ही १८८२चे, राजा लुईस पहिला याच्या मुद्रेचे, मागे ‘इंडिया पोर्तुगेझा’. दोन्ही परदेशी ग्रेडिंग कंपनीच्या (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या) स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत बंद, दोन्हींवर तोच आकडा: एमएस ६२, म्हणजे न वापरलेलं नाणं, ७० पैकी ६२. एक साधा करडा. दुसऱ्याच्या कडेला सोनेरी-जांभळी-निळी कमान, आणि त्याला विक्रेता दुप्पट मागतोय. पणजी-मडगावात पोर्तुगीज नाणी जमवणाऱ्याला हा पेच कधी ना कधी पडतोच.

१८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्या मापावर आला: ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी. म्हणजे दोघांची चांदी सारखी, ग्रेड सारखी. वरचे पैसे निव्वळ रंगाचे. तेव्हा प्रश्न एवढाच, की तो रंग आला कुठून.

चांदीला गंधकाची हवा लागली की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात: फिकट पिवळा, सोनेरी, तांबूस, जांभळा, मग निळा. म्हणून नाणं दिव्याखाली तिरकं धरून भिंगातून बघा. पांढऱ्या चांदीला एकदम गडद निळा टेकला असेल, मधला पिवळा-तांबूस पट्टा गायबच असेल, तर शंका घ्या. आपसूक आलेला रंग अक्षरांपाशी अडखळतो; अक्षरांच्या कुशीत थोडी उजळ चांदी राहते. उंचसखल न बघता सगळीकडून सरसकट वाहिलेला रंग मला तरी पटत नाही. आणि रंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसले, तर नाणं आधी घासलंय आणि रंग त्यावर पांघरूण म्हणून आलाय, असं समजायला हरकत नाही.

तरीही खात्री होत नाही, याचं कारण सरळ आहे. जुन्या कागदी पाकिटात चाळीस वर्षं पडून आलेला पापुद्रा आणि लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाच्या पाण्यात काही क्षणांत आणलेला पापुद्रा, रसायन एकच. (उकडलेल्या अंड्यासोबत नाणं डब्यात बंद करणारेही आहेत.) हात बसलेला माणूस क्रमसुद्धा बरोबर साधतो. ग्रेडर बघतात ते रूप. नाण्याचा भूतकाळ त्यांनाही ठाऊक नसतो. शंका आली तर आकडा न देता ‘डिटेल्स’ (नाणं खरं, पण दोष आहे) आणि ‘क्वेश्चनेबल कलर’ (रंग संशयास्पद) असा शेरा मारतात. आकडा दिला, म्हणजे त्या दिवशी रंग बाजारात खपण्याजोगा वाटला. एवढंच.

आणि तो दिवस मागे पडला. स्लॅब हवाबंद नसतो. हवेतला गंधक आत शिरतो, आणि मुद्दाम वायू सोडून बंद स्लॅबमधलं नाणं रंगवण्याचे उद्योगही झालेत. यावर एक चांगला उपाय आहे: लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. ग्रेडिंगच्या वेळचा फोटो असेल तर शेजारी ठेवून बघा. फोटोत करडा आणि हातात मोरपंखी, तर तो रंग ग्रेडरनी पाहिलेलाच नाही. मात्र प्रकाशयोजनेने फोटोतले रंग उठावदार होतात, तेवढी सूट द्या.

आपल्याकडे आणखी एक भानगड. जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातले कपडेसुद्धा कुबट होतात. अशा दमटपणात चांदी लवकर काळवंडते. आज ज्या निळ्या कमानीचे पैसे मोजलेत, ती पुढे काळपट पट्टा होऊ शकते. करडा रुपयाही गडद होईल, पण त्याच्या रंगाचे तुम्ही काही दिलेले नसतात. सिलिका जेल दोघांनाही लागेलच.

करडा म्हणजे निर्दोष असंही नाही. आम्लाच्या डिपमध्ये, म्हणजे काळपटपणा काढणाऱ्या द्रावणात वारंवार बुचकळलेलं नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं. फिरवलं की पृष्ठभागावरून सरकणारे प्रकाशाचे आरे त्यात उरत नाहीत. असा पांढरा मी स्वस्तातही घेणार नाही.

स्लॅब फोडून परदेशी पुन्हा ग्रेडिंगला पाठवू, असा विचार असेल तर तो सोडा. १०० वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

माझा कौल करड्याला. रंगीत घ्यायचाच, तर जुन्या फोटोत तोच रंग दिसत असेल, किमतीतला फरक किरकोळ असेल आणि विकायचा विचार नसेल तेव्हा. विक्रेता ‘नॅचरल आहे’ म्हणाला तर परत घेण्याची अट पावतीवर लिहून मागा. त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

आणि बजेट त्याहून कमी असेल, तर बिनस्लॅबचा, थोडा वापरलेला रुपया वाईट नाही. त्याची कड पूर्ण बघता येते, आणि सोनाराच्या काट्यावर वजनही करता येतं.