जुन्या 'डबल किट'मधली बदललेली लेन्स

लग्नसराई आटोपून पाऊस तोंडावर आला की बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुने कॅमेरे विकायला निघतात. 'घरगुती वापर, एकहाती, बॉक्स-बिलासह' हा मजकूर ठरलेला. बरेच व्यवहार सरळ असतात. खालचा नव्हता. एकाच सौद्यात चार ठिकाणी फसवणूक होती, म्हणून तो उकलून सांगण्यासारखा आहे.

जाहिरात होती निकॉन डी५६००, १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स, दोन बॅटऱ्या आणि बॅग यांची. किंमत ३६,००० रुपये. घेणारा हुक्केरी तालुक्यातला, हिडकल जलाशयाच्या काठी पक्षी टिपण्याची हौस असलेला. त्याचा सगळा डोळा लांबचं जवळ आणणाऱ्या ७०-३०० वर. विकणारा स्वतःला कोल्हापूरचा म्हणवणारा. "दादा, घरातला कॅमेरा आहे, लग्नाबिग्नाला कधी नेलेला नाही बघा," असं म्हणत त्याने शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) ९,४०० असल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि २,००० रुपये टोकन म्हणून यूपीआयने घेतले. भेट ठरली बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर, अंधार पडल्यावर, कारण काय तर शेवटची गाडी पकडायची आहे. दहा मिनिटांत पैसे गेले, बॅग हातात आली. दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर १८-५५ व्यवस्थित, पण ७०-३०० चा ऑटोफोकस हलायलाच तयार नाही.

लेन्स बिघडलेली नव्हती. ती दुसरीच होती.

डी५६०० च्या डबल किटमध्ये कंपनी जी लेन्स देत असे ती एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३ व्हीआर. हातात आलेली होती जुनी एएफ ७०-३०० एफ/४-५.६ जी. आकडे तेच, लांबून रूपही तसंच काळं आणि प्लास्टिकचं, पण जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही आणि हात हलल्याची भरपाई करणारं व्हीआरही नाही. तिचा फोकस बॉडीतली मोटर एका स्क्रूने फिरवते. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत ती मोटरच नसते. डी७२०० किंवा डी७५० ला हीच लेन्स लावली तर ऑटोफोकस चालतो, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालत होती' हे विकणाऱ्याचं म्हणणं खोटंही ठरवता येत नाही. निकॉनच्या झेड मालिकेच्या मिररलेसला (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावूनही ती मॅन्युअलच राहते, कारण त्या अडॅप्टरमध्येही मोटर नाही.

बसस्थानकाबाहेर हे कळलं कसं नाही? विकणाऱ्याने रिंग स्वतःच्या हाताने फिरवून समोरच्या दुकानाची पाटी टिपली, पडद्यावर मोठी करून दाखवली आणि "मॅन्युअलवर ठेवलाय" म्हणाला. उजेडाचा मीटर चालतो, ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) बदलतं, फोटो येतो. घाईत आणखी कोण काय बघणार!

दोन्ही लेन्स ओळखायला मिनिटभरही लागत नाही. पुढच्या कडेवर फिल्टरचा आकार लिहिलेला असतो: एएफ-पी डीएक्सवर ५८ मिमी, जुन्या 'जी' लेन्सवर ६२. लेन्स काढून माउंटच्या बाजूने बघा. जुनीला कडेवर खाच असलेला, स्क्रूच्या डोक्यासारखा एक छोटा धातूचा तुकडा दिसतो, एएफ-पी आणि एएफ-एस लेन्सला तो नसतो. सगळ्यात सोपं म्हणजे कॅमेरा बंद करून फोकस रिंग फिरवायची. जुनीचं पुढचं तोंड रिंगबरोबर गरगर फिरतं. एएफ-पीमध्ये काहीच हलत नाही, कारण तिची रिंग विजेवर चालते. डी५६०० वर खरी व्हीआरवाली एएफ-पी लावली की शूटिंग मेनूत 'ऑप्टिकल व्हीआर'ची ओळ दिसते. ही ओळ जरूर बघा, कारण व्हीआर नसलेली एएफ-पी ७०-३०० सुद्धा बाजारात होती.

व्हीआर नसण्याने काय अडतं, असं काही जण विचारतात. डी५६०० च्या डीएक्स (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ३०० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या ४५० मिमीइतकी चौकट. हातात धरून स्वच्छ फोटो हवा तर शटर १/५०० च्या आसपास ठेवावं लागतं. हिडकलला पहाटे साडेसहाच्या उजेडात एफ/५.६ वर तेवढं शटर मिळवायला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर जावं लागतं आणि पिसांचा पोत दाण्यात जातो. उडता पक्षी टिपायला शटर मुळातच वेगवान लागतं, तिथे व्हीआरचा उपयोग थोडा. बसलेल्या पक्ष्याला मात्र तोच आधार.

कॅननवाल्यांकडेही हीच चलाखी चालते, आणि ती पकडायला जास्त अवघड. ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएमच्या जागी ईएफ ७५-३०० गळ्यात मारतात. आकडा मोठा दिसतो म्हणून घेणारा उलट खूश होतो. ऑटोफोकसही चालतो, त्यामुळे शंका येत नाही. स्टॅबिलायझर (कॅननचं 'आयएस', निकॉनच्या व्हीआरसारखं) मात्र गायब, आणि टोकाला चित्र उघडउघड मऊ.

आता शटर काउंट. निकॉन प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो लिहिते, बॉडीचा सिरियल नंबरही लिहिते. पण स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइलही नाही, कारण त्यात ही माहिती पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ती राहते, फक्त ती फाइल त्याच बॉडीची आहे हे कोण सांगणार? या सौद्यात नंतर विकणाऱ्याकडून मूळ फाइल मागवून घेतली तेव्हा तिच्यातला सिरियल नंबर बॉडीच्या तळावरच्या नंबराशी जुळला नाही. हातातल्या बॉडीचा खरा आकडा होता १ लाख १२ हजारांच्या वर. डी५६०० चं शटर निकॉनने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यापुढे ते लगेच मरतं असं नाही, पण ९,४०० ची किंमत देऊन १ लाख १२ हजारांचा माल घ्यायचा नसतो.

म्हणून स्वतःचं एसडी कार्ड न्या, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, एक जेपीईजी काढा आणि लॅपटॉपवर एक्झिफटूलने (फाइलमधली माहिती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) उघडा. शटर काउंट आणि सिरियल नंबर या दोनच ओळी बघायच्या. तो सिरियल तळावर आणि बॉक्सवर असलेल्या नंबराशी जुळला पाहिजे. फाइलच्या नावातला आकडा काही सांगत नाही. तो ९,९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, आणि मेनूतून केव्हाही शून्यावर नेता येतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये काउंट फाइलमध्ये येतच नाही, यूएसबी केबल लावून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. केबल सोबत असू द्या. आणि हेही ध्यानात असू द्या की व्हिडिओचे तास कुठल्याच काउंटमध्ये धरले जात नाहीत.

काउंट बघायची सोय नसेल तर बॉडी स्वतः बोलते. फ्लॅश लावायच्या हॉट शूच्या पट्ट्यांवरचा काळा रंग उडून पांढरा धातू दिसत असेल तर तो कॅमेरा हॉलमध्ये, मांडवात राबलेला आहे. घरगुती वापरात बाहेरचा फ्लॅश एवढा चढत-उतरत नाही. नवं रबर आणि झिजलेले डायल एकत्र दिसले तर रबर बदललेलं समजा. तळाच्या स्क्रूंच्या खाचा चुरगळलेल्या असतील तर बॉडी उघडलेली आहे. बॅटरीच्या खणात टॉर्च मारा: टोकांवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे पाणी गेलेलं, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेला असेल तर खारं पाणी. असा कॅमेरा फुकटही घेऊ नका. डी७००० मालिकेत आणि वरच्या बॉडींत मेनूमध्ये बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ म्हणजे ती बदलायला आलेली.

तिसरी फसवणूक आधी दिसलीच नाही. आयएसओ १६०० वर व्हिडिओ घेतला तेव्हा चौकटीत वरपासून खालपर्यंत केसाएवढी गुलाबी उभी रेघ आली. ही लेसरची खूण. मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीवरचा लेसर किरण थेट लेन्समध्ये शिरला तर क्षणात सेन्सरचे पिक्सेल आणि त्यांची ओळ जळते. डीएसएलआरमध्ये फोटो काढताना एरवी आरसा आड असतो, पण व्हिडिओत आणि लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर बघून टिपताना) तो वर उचललेला असतो आणि सेन्सर उघडा पडतो. मिररलेसमध्ये तर चालू असताना तो बहुधा उघडाच. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा गणेश विसर्जनात रात्रभर व्हिडिओ काढलेली बॉडी घ्यायची असेल तर ही तपासणी सोडू नका. लेन्सला टोपी लावून आयएसओ १६०० ला १ सेकंदाचा फोटो काढा, मग मोकळ्या आकाशाचा एक, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. तिन्ही पूर्ण मोठे करून रेघ शोधा. मोकळ्या आकाशाचा फोटो एफ/१६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून काढलात तर धूळही दिसते. मऊ काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. रेघ जात नाही. सेन्सर बदलण्याचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीच्या आसपास जातो.

लेन्सची बुरशी हा आपल्या भागातला वेगळाच विषय. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, पलीकडे आंबोली, सावंतवाडी इथे पावसाळ्यात कपाटातले बूटसुद्धा पांढरे होतात, तिथे बॅगेत चार महिने पडलेल्या लेन्सचं काय होणार. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने, थोडा तिरका धरा आणि पुढून बघा; मग उलट. सुटे कण म्हणजे धूळ, तिने चित्रात फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटत गेलेले धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर धुरकेपणा, त्याने उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके येतात. मागच्या भिंगाची बुरशी पुढच्या भिंगाच्या बुरशीपेक्षा जास्त नडते. साफ करून घेता येते, पण कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग तसाच राहतो. 'साफ करून दिलीय' म्हणणाऱ्याला हा टॉर्च दाखवावा. घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, ओलाव्याचा छोटा मीटर आत टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राखा.

पडलेली लेन्स बाहेरून साफ दिसते. 'तरुण भारत'चं एक पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या अगदी समोर धरा, ॲपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा जास्त मऊ असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे. झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकदा हे करा.

चौथी फसवणूक बिलाची. या सौद्यातलं बिल खरं होतं, फक्त दुसऱ्या कॅमेऱ्याचं. सिरियलच्या जागेवर घडी पाडून फोटो पाठवला होता. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. कोल्हापूरच्या दुकानाचं म्हणून दिलेलं बिल २७ ने सुरू होत नसेल तर तिथेच थांबा. पूर्ण क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव आणि ती चालू आहे की रद्द, हे फुकट कळतं. नवा कॅमेरा 'बिल नको, तीन हजार कमी' म्हणून घेणाऱ्याला आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीची पट्टी नसलेला बॉक्स मिळतो आणि भारतातली वॉरंटी मिळत नाही. सोनीच्या जपानी बाजारातल्या बॉडींचा मेनू तर फक्त जपानीत असतो. कोणी स्वस्तात देत असेल तर आधी भाषेचा मेनू उघडायला सांगा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने 'फौजी आहे, बदली झाली, कॅमेरा देऊन टाकायचाय' हे सोंग इथे लगेच खपतं. ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला फोटो येतो, आणि कॅमेरा 'आर्मीच्या पार्सलने' पाठवायला आधी पैसे मागितले जातात. भेटायची तयारी नसेल तर तो माणूस फौजी नाही, असं धरून चाला. पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला कोणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही.

पैसे गेलेच तर पहिल्या तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली गेली नसेल तर ती गोठवता येते. विकणारा महाराष्ट्रातला म्हणून कर्नाटकातलं ठाणं तक्रार नाकारू शकत नाही, झिरो एफआयआर (ठाण्याची हद्द न बघता घेतलेली फिर्याद) कुठेही नोंदवता येतो. मजकूर बहुधा कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा आणि प्रत घ्या, ती फुकट द्यावी लागते. दुकानदाराने फसवलं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. एखाद्या खाजगी माणसाने स्वतःचा जुना कॅमेरा विकला असेल तर मात्र तो 'व्यापारी' ठरत नाही आणि पोलिसांचाच रस्ता उरतो. दोन्हीकडे जाहिरात, चॅट आणि मूळ फाइल ज्या फोनवर आली तो फोन तसाच ठेवा, आणि कॅमेऱ्यातून काढलेला पहिला फोटो कार्डवरून पुसू नका. शटर काउंट, सिरियल आणि तारीख तिन्ही त्याच एका फाइलमध्ये आहेत.