मानदुखी आणि कायरोप्रॅक्टिक: दोन लग्नसराईंच्या मधला अनुभव

मी सांगलीत विश्रामबागेत ब्लाऊज शिवते. मशीनपेक्षा हातशिलाईनं मान जास्त जाते. हूक लावायचे, गळ्याची पट्टी दुमडून घालायची, लटकन बांधायचे, आणि हे सगळं मान खाली घालून. मागच्या लग्नसराईत उजव्या बाजूला कवटीच्या खालपासून खांद्यापर्यंत असं भरून यायचं की स्कूटीवर मागं वळून बघता येईना. एक्स-रेत मणक्यांची थोडी झीज निघाली. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि पट्टा दिला. गोळी असेपर्यंत बरं वाटायचं.

पुण्याची बहीण म्हणाली, "ताई, इकडं कायरोप्रॅक्टर आहेत, म्हणजे हातानं मणके हलवून उपचार करणारे, परदेशात शिकून आलेत, एकदा दाखव तरी." तेव्हापासून अधूनमधून जात राहिले, म्हणून आता लिहिते.

मला सगळ्यात आवडली ती पहिली तपासणी. आधी मानेला हातच लावला नाही. दोन्ही मुठी आवळायला लावल्या, कोपरावर हातोडीनं ठोकून बघितलं, बोटांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे ना, चक्कर येते का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. एक्स-रे उजेडात धरून बघितला. मग उताणं झोपवून डोकं दोन्ही तळहातांत घेतलं, हळूहळू एका कुशीला वळवलं आणि शेवटी एकच छोटा झटका. काड्‌ असा आवाज झाला. हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आवाज झाला नाही म्हणजे उपचार लागला नाही, असंही नाही.

त्या संध्याकाळी मान दोन्हीकडं पूर्ण वळली. दुसऱ्या दिवशी थोडी ठणकली. पुढचे दोन-तीन दिवस सुखाचे गेले, आणि आठवडा संपायच्या आत दुखणं परत. पुढच्या प्रत्येक वेळी साधारण हेच झालं. एका बैठकीचे पैसे म्हणजे माझे अस्तराचे तीन ब्लाऊज, शिवाय पुण्याचं जाणं-येणं.

खरा फरक पडला तो त्यांनीच लिहून दिलेल्या व्यायामानं. इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तो नीट बसवून घेतला. हनुवटी सरळ मागं ओढून पाच सेकंद धरायची. कपाळावर तळहात ठेवून डोक्यानं पुढं दाबायचं, पण डोकं हलू द्यायचं नाही. दोन्ही खवाटे मागं जवळ आणायचे. दुकानातही बदल केले. कटिंग जमिनीवर बसून करायचे, आता कमरेच्या उंचीच्या टेबलावर उभ्यानं करते. हूक लावताना मांडीवर जाड उशी घेते, म्हणजे काम डोळ्यांजवळ येतं आणि मान कमी वाकते. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि जितकी मान वाकेल तितका भार वाढतो. हे कळल्यावर उशीची लाज वाटेनाशी झाली.

2012 साली अमेरिकेत मानदुखीच्या 272 रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. दुखणं दोन ते बारा आठवड्यांचं असलेली माणसं होती. बारा आठवड्यांनी हातानं मणके हलवायचे उपचार घेणारे गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा बरे होते, पण घरी शिकवून दिलेला व्यायाम करणारेही जवळपास तितकेच बरे होते. माझं दुखणं त्याहून जुनं, तरी व्यायामाचा गुण मलाही आला.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. मानेच्या मणक्यांतल्या बारीक भोकांतून मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या जातात. मानेला जोरात पीळ बसला तर क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं आणि पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. शिकलेल्या हातूनही हा धोका शून्य नसतो. म्हणून सलूनमध्ये मालिशनंतर मान मोडून घेणं आमच्या घरात मी बंद करायला लावलं, दीर रुसले तरी. व्हिडिओ बघून शिकलेल्यांकडं तर जाऊच नका. आपल्याकडं कायरोप्रॅक्टिकची वेगळी सरकारी परिषद नाही, त्यामुळं पदवी कुठली, किती वर्षांची, हे आपणच विचारायचं. परदेशात हा कित्येक वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम असतो. विचारल्यावर चिडणाऱ्याच्या हातात मान देऊ नये.

हाताची पकड सैल पडत असेल, बटण लावताना बोटं चुकत असतील, पाय अडखळत असतील, ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर यातलं काहीच नको. सांगली-मिरजेत हाडांचे आणि मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर भरपूर आहेत, आधी त्यांच्याकडं जा.

यंदाची लग्नसराई चालू आहे. पुण्याची वेळ घेतलेली नाही. फिजिओ मॅडमकडं महिन्यातून एकदा जाते, त्यांनी आता रबरी पट्टा ओढायला दिलाय. रात्री जागून शिवलं की उजवी बाजू अजून भरते, पण स्कूटी चालवताना मागं वळून बघता येतं.