पीएसएलव्ही की एसएसएलव्ही? आधी शेवटचा टप्पा बघा

तुमच्या कॉलेजच्या गटाचा पहिला उपग्रह आकाराला येत असेल, तर इस्रोच्या मोठ्या पीएसएलव्ही रॉकेटमध्ये सहप्रवासी म्हणून जागा मागायची की छोट्या एसएसएलव्ही रॉकेटची वाट बघायची, हा वाद एव्हाना रंगला असेल. वाद बहुतेक वेळा आकडे तोंडावर फेकून सुरू होतो: पीएसएलव्ही 44 मीटर, 320 टन, एसएसएलव्ही 34 मीटर, 120 टन. तुमच्या दहा किलोच्या डब्याला त्याचं काय? टप्पे बघा, आणि त्यातही शेवटचा.

खालचा टप्पा दोघांचाही घन इंधनाचा. दिवाळीतल्या बाणासारखा, एकदा पेटला की विझवता येत नाही. पीएसएलव्हीत तो सुमारे 139 टन इंधन पावणेदोन मिनिटांत फस्त करतो, एसएसएलव्हीत 87 टन. रिकामं नळकांडं गळून पडतं. इथवर निवडण्यासारखं काही नाही.

वर मात्र वाटा फुटतात. पीएसएलव्ही घन, द्रव, घन, द्रव अशी चढते. एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन, म्हणून जुळणी सुटसुटीत. पण घन इंधन हवं तिथे थांबवता येत नाही, त्यामुळे वेगातली उणीव भरून काढायला डोक्यावर एक छोटा द्रव इंधनाचा भाग बसवलाय.

पीएसएलव्हीचा चौथा टप्पा बंद करून पुन्हा पेटवता येतो, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. 26 सप्टेंबर 2016 ला पीएसएलव्हीच्या सी35 या उड्डाणाने आधी मुख्य उपग्रह स्कॅटसॅट-1 सोडला, मग कक्षा बदलून आयआयटी मुंबईच्या मुलांचा ‘प्रथम’ वेगळ्या उंचीवर उतरवला. उड्डाण सव्वादोन तासांचं झालं. एरवी सहप्रवाशाला मुख्य उपग्रहाच्या थांब्यावरच उतरावं लागतं. एसटी काही तुमच्या वाडीपर्यंत येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ असाच कार्टोसॅट या मुख्य उपग्रहासोबत गेला. त्याचं काम त्या कक्षेत भागणारं होतं.

एसएसएलव्ही 500 किलोमीटरवर 500 किलोपर्यंत नेते. आपल्याला हवी ती कक्षा आणि हवी ती तारीख पाहिजे असेल, तर गाडी हीच. फक्त ती भरण्याइतका माल हवा. ऑगस्ट 2022 च्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा सुटताना क्षणभर कंप झाला, संगणकाने वेगातला बदल मोजणारे त्वरणमापकच बिघडले असं धरलं, आणि कक्षेचं खालचं टोक 76 किलोमीटरवर राहिलं. विद्यार्थिनींनी घडवलेला आझादीसॅट त्यात वाया गेला. फेब्रुवारी 2023 च्या दुसऱ्या उड्डाणात आझादीसॅट-2 मात्र नीट पोचला. पीएसएलव्हीलाही अमरपट्टा नाही: मे 2025 मध्ये सी61 तिसऱ्या टप्प्यात फसली.

पहिलाच उपग्रह असेल आणि सहप्रवाशाची कक्षा चालणार असेल, तर मी पीएसएलव्ही म्हणेन. पण आधी एक विचारतो: तुम्हाला उपग्रह हवाय की नुसतं उपकरण तपासायचंय? उपकरणच असेल तर ‘पोएम’ बघा. 2022 पासून पीएसएलव्हीचा तोच चौथा टप्पा, उपग्रह सोडून झाल्यावर, कक्षेत प्रयोगांचा ओटा म्हणून वापरतात. वीज आणि स्थैर्य तो पुरवतो. बरेच गट अडकतात ते सौर पट्ट्या आणि बॅटरीतच.