जुन्या संगणकात एसएसडी टाकावी की नवाच घ्यावा?

ऑफिसातला संगणक रखडायला लागला की पहिली मागणी येते ती नव्याची. मी आधी टास्क मॅनेजर उघडून बघतो. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत दिसला, की दुखणं हार्ड डिस्कचं. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि विखुरलेल्या फायली गोळा करायला हेड नुसता इकडून तिकडे धावत असतो. तिच्या जागी साधी साटा जोडणीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) बसवली, रॅम ४ची ८ जीबी केली, की तेच यंत्र ओळखू येत नाही. जुनी डिस्क क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली, तर फायली, प्रिंटर, सेटिंग सगळं जागच्या जागी राहतं. काम करणाऱ्याला हे फार मोलाचं असतं. नव्या मशीनवर घडी बसवण्यातच त्याचे दोन दिवस जातात.

पण विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिथे एसएसडी काही करू शकत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं, शिवाय इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. (टीपीएम कधी कधी असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. ते आधी तपासा.) त्याहून जुन्या मशीनवर पगारपत्रकं किंवा ग्राहकांची माहिती असेल, तर मी नव्याचाच आग्रह धरतो. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकता येते, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं असलं की तो मार्ग बंद.

मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर मात्र आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या, आणि बॅकअप त्याच्याही आधी.