एक हाउसिंग, तीन पोर्ट, तीन लेन्स: दोन वर्षांच्या वापरानंतर

पाण्याखालील छायाचित्रणासाठी हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, निवडताना बहुतेकांचे लक्ष बटणांची रचना, वजन आणि ते किती खोल नेता येते यावर असते, आणि लेन्सच्या पुढे बसणारा पोर्ट, म्हणजे पारदर्शक खिडकी, ही नंतर उरकायची खरेदी मानली जाते. छायाचित्राची गुणवत्ता मात्र सर्वांत आधी या पोर्टवरच ठरते. गेली दोन वर्षे मी एकाच अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगवर तीन पोर्ट वापरत आहे: सपाट मॅक्रो पोर्ट, सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा काचेचा छोटा डोम (घुमटाकार पोर्ट) आणि २० सेंटिमीटर व्यासाचा अ‍ॅक्रिलिकचा मोठा डोम. लेन्सही तीनच आहेत, कॅननची १०० मिलिमीटर एफ/२.८ मॅक्रो (लहान वस्तू जवळून टिपणारी), ८-१५ मिलिमीटर एफ/४ फिशआय (सरळ रेषा वाकवून अतिशय रुंद दृश्य टिपणारी) आणि १६-३५ मिलिमीटर एफ/४. हे परीक्षण लेन्सचे किंवा पोर्टचे सुटे नसून त्यांच्या जोड्यांचे आहे, आणि यामागचे प्रकाशशास्त्र कोणत्याही कंपनीच्या हाउसिंगला तसेच लागू पडते.

सपाट पोर्ट आणि १०० मिलिमीटर मॅक्रो ही सर्वांत निर्धास्त जोडी आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) सुमारे १.३३ असल्याने सपाट काचेतून पाहिलेली वस्तू जवळ आल्यासारखी दिसते आणि लेन्सचा दृश्यकोन आकसतो. या लेन्सचा हवेतला सुमारे २४ अंशांचा कर्णकोन (चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा दृश्यकोन) पाण्यात १८ अंशांच्या आसपास येतो. इथे ते गैरसोयीचे नाही, कारण लहानशा जीवाने चौकट भरणे हाच आपला हेतू असतो. ‘पाण्यात मॅक्रो एक तृतीयांश मोठे मिळते’ असे सर्रास सांगितले जाते, ते मात्र तपासून घ्यायला हवे. सपाट काच वस्तूचा आकार बदलत नाही, फक्त तिचे भासमान अंतर कमी करते. त्यामुळे सर्वांत जवळच्या फोकसला मिळणारे १:१ हे प्रमाण (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूइतकीच मोठी) १:१ च राहते, आणि खरा लाभ होतो तो वस्तूपासून थोडे अधिक दूर राहता येण्याचा. बिचकून बिळात शिरणाऱ्या माशासमोर ते दोन-तीन सेंटिमीटर मोलाचे ठरतात. म्हणूनच पोर्टची काच लेन्सच्या टोकाला जितकी लगटून असेल तितके चांगले, कारण लांब पोर्ट हेच अंतर आतल्या आत खाऊन टाकतो.

याच सपाट पोर्टमागे १६ मिलिमीटरची लेन्स ठेवली, तर तिचा १०८ अंशांचा कर्णकोन ७५ अंशांवर येतो, कडेच्या रेषा बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात आणि कोपऱ्यांतल्या उजळ कडांना निळ्या-तांबड्या किनारी दिसतात. किरण काचेवर जितके तिरके पडतात, तितके हे दोष वाढतात. रुंद कोनासाठी डोम लागतो तो याच कारणाने: लेन्स योग्य जागी असेल, तर प्रत्येक किरण डोमच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात भेटतो आणि दृश्यकोन हवेतल्यासारखाच राहतो.

ही ‘योग्य जागा’ म्हणजे डोमचे वक्रताकेंद्र. तिथे लेन्सचा एन्ट्रन्स प्युपिल यावा लागतो, म्हणजे समोरून लेन्समध्ये पाहिल्यावर अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) ज्या खोलीवर असल्यासारखे दिसते तो बिंदू. प्रत्येक लेन्समध्ये तो निराळ्या ठिकाणी असल्यामुळे हाउसिंग आणि डोम यांच्यामध्ये एक्स्टेन्शन रिंग बसवतात, आणि माझ्या मते या संपूर्ण खरेदीत सर्वाधिक विचार त्या रिंगच्या लांबीचा व्हायला हवा. सुरुवातीला मी १६-३५ लेन्ससाठी, हाताशी होती म्हणून, आवश्यकतेपेक्षा २० मिलिमीटर आखूड रिंग लावली आणि पहिल्या कित्येक डाइव्हमधले कोपरे पुसट आले. लेन्सच सदोष असावी, असा माझा समज झाला होता. पुढे जलतरण तलावाच्या फरशीची भिंत समोर धरून चाचणी घेतली, तेव्हा फरश्यांच्या कडेच्या रेषा मध्याकडे वाकलेल्या दिसल्या. रिंग आखूड पडली की प्युपिल डोमच्या फार जवळ येतो आणि डोम काही अंशी सपाट पोर्टसारखा वागू लागतो; रिंग लांब झाली, तर रेषा उलट बाहेर फुगतात आणि कोपऱ्यांत काळी सावली शिरते. योग्य लांबीची रिंग बसवल्यावर त्याच लेन्सने, त्याच भिंतीसमोर, वेगळीच लेन्स वाटावी इतका फरक दाखवला. झूम करताना प्युपिल सरकत असल्याने अशा लेन्सबाबत थोडी तडजोड अटळ असते. ती सर्वांत रुंद टोकाच्या बाजूने करावी.

रिंग अचूक बसली तरी डोमची दुसरी अट उरते. डोम पाण्यातल्या दृश्याची एक आभासी प्रतिमा स्वतःच्या अगदी पुढ्यात तयार करतो आणि लेन्स त्या प्रतिमेवर फोकस करते. अनंतावरच्या वस्तूची प्रतिमा डोमपासून त्याच्या वक्रतात्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर पडते, म्हणजे माझ्या मोठ्या डोममध्ये ३० सेंटिमीटरवर आणि छोट्यात १६ ते १७ सेंटिमीटरवर. ही प्रतिमा वक्र असते, आणि डोम जितका लहान तितकी ती अधिक वाकलेली. १६-३५ ही सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स असल्यामुळे तिला समोर सपाट प्रतिमा हवी असते. छोट्या डोममागे तिचे मध्य आणि कोपरे एकाच वेळी रेखीव होत नाहीत, अगदी एफ/१६ इतके छिद्र बारीक केले तरीही नाहीत. मोठ्या डोममागे एफ/११ पासून समाधानकारक आणि एफ/१३ ला चांगली छायाचित्रे मिळतात, तरी कोपऱ्यात महत्त्वाचा विषय ठेवू नये हे मी आता नियमाने पाळतो.

फिशआय आणि छोटा डोम ही जोडी मला या संचात सर्वांत अधिक आवडली. या लेन्सला सरळ रेषांचा आग्रह नाही, ती सेन्सरपासून १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, आणि वक्र प्रतिमेशी तिचे उत्तम जुळते. एफ/८ लाही चौकटीच्या कडा अपेक्षेपेक्षा स्वच्छ राहतात. फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मइतका सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १५ मिलिमीटरला मिळणारा जवळजवळ १८० अंशांचा कर्णकोन घेऊन प्रवाळाच्या अगदी जवळ जाता येते. विषय आणि लेन्स यांच्यामधले पाणी जितके कमी, तितके रंग आणि रेखीवपणा अधिक, आणि पोर्ट लहान असल्याने स्ट्रोबही (पाण्याखालचे फ्लॅश) विषयाच्या निकट आणता येतात. मोठ्या डोमने हे साधत नाही. तो खडकाच्या कपारीत शिरतच नाही.

मोठ्या डोमची खरी जागा पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. अर्धे पाण्यावरचे आणि अर्धे पाण्याखालचे छायाचित्र घेताना काचेला चिकटून वर चढणारी पाण्याची पट्टी मोठ्या डोमवर तुलनेने बारीक दिसते, आणि लाटेत ती सांभाळणे सोपे जाते. अशा वेळी फोकस पाण्याखालच्या भागावर ठेवून एफ/१६ वापरावे. खोल पाण्यात मात्र हा डोम हाताला जड नव्हे, उलट हलका पडतो: जवळजवळ अर्धगोल असल्याने तो २ लिटरांहून अधिक पाणी बाजूला सारतो आणि हाउसिंगचे तोंड सतत वर उचलले जाते. तासाभराच्या डाइव्हनंतर मनगट दुखते. पोर्टच्या खालच्या बाजूला वजन बांधल्याशिवाय मी आता तो नेत नाही. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, पण बाहेरच्या बारीक ओरखड्यांत पाणी भरल्यावर ते बहुतांशी दिसेनासे होतात आणि घासून काढताही येतात. पृष्ठभागावर उन्हासमोर कॅमेरा धरला, तर तेच ओरखडे चमकतात.

एकच पोर्ट घेण्याइतकी ऐपत असेल आणि ओढा लहान जीवांकडे असेल, तर सपाट पोर्ट घ्यावा. रुंद दृश्यांची आवड असेल, तर फिशआय आणि छोटा डोम. १६-३५ आणि मोठा डोम ही जोडी मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मोठे मासे, बुडालेली जहाजे आणि माणसे यांच्यासाठी ती उपयोगी आहे, पण रिंगची लांबी निश्चित माहीत झाल्याशिवाय ती विकत घेऊ नये.