‘गुमनाम’: आता किती जण राहिले?

आईसमोर ‘गुमनाम’चं नाव काढलं की तिच्या अंगावर अजून काटा येतो. गेल्या रविवारी तिच्याच शेजारी बसून तो पहिल्यांदा सलग पाहिला आणि खरं सांगते, जीव हळहळला.

१९६५ चा सिनेमा. दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका मास्टर विनायकांची नंदा, शिवाय धुमाळ. आपलीच माणसं, त्यामुळे आवडावा अशी फार इच्छा होती. ‘जान पहचान हो’ सुरू झालं तेव्हा तर मी सरसावून बसले. रफीचा आवाज, डोळ्यांवर मुखवटा लावलेली लक्ष्मी छाया आणि तिचं ते मान झटकत बेभान नाचणं! त्या गाण्याला पैकीच्या पैकी.

गोष्ट मात्र अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या ‘अँड देन देअर वर नन’वरून उचललेली. विमान आडजागी उतरतं, सात प्रवासी आणि विमानातला कर्मचारी मनोज कुमार मागे राहतात, एका हवेलीत महमूद खानसामा भेटतो आणि एकेक जण मरू लागतो. सांगाडा आणला, जीव तिकडेच राहिला. कादंबरीत जेवणाच्या टेबलावर चिनी मातीच्या दहा बाहुल्या असतात. माणूस गेला की एक बाहुली कमी. वाचताना आपणही मोजत राहतो: नऊ, आठ, सात. ग्रामोफोनवरचा आवाज प्रत्येकाला त्याचं पाप नावानिशी ऐकवतो, म्हणून मरायच्या आधीच प्रत्येक जण आतून पोखरला जातो.

इथे कुणाचीच झोप उडत नाही. हवेलीत प्रेतं पडताहेत आणि किनाऱ्यावर हेलन गातेय. जिच्या घरात नुकताच खून झालाय ती नंदा हेलनबरोबर पिऊन ‘पीके हम तुम जो’ म्हणते, तेव्हा मला त्या पात्राचीच कीव आली. मध्येच आईने विचारलं, “आता किती जण राहिले गं?” मला सांगता येईना. खुनांच्या गोष्टीत प्रेक्षकाचा हिशेब सुटला की भीतीही सुटते.

‘गुमनाम है कोई’ची चाल संगीतकार हेन्री मॅन्सिनीच्या ‘शराड’ या इंग्रजी गाण्यावरून घेतलेली, पण लताबाईंचा आवाज असा काही लागलाय की तेवढ्यापुरता खरोखर थरकाप होतो. आईला इतकी वर्षं जे आठवत होतं ते हेच गाणं.

गाणी जरूर ऐका. गोष्ट हवी असेल तर त्याच कादंबरीवरचा रने क्लेअरचा १९४५ चा सिनेमा बघा, शंभर मिनिटांच्या आत संपतो. येत्या रविवारी आईला तोच दाखवणार आहे.