भाजीच्या पिशव्या: लुगडं, जाळी, वायर की डबा?

सांगलीच्या शिवाजी मंडईतून आठवड्याची भाजी आणली, की ओट्यावर प्लॅस्टिकच्या पातळ पारदर्शक पिशव्यांचा ढीग व्हायचा. एका रविवारी मोजल्या, ११ निघाल्या. मिरच्यांना एक, आल्याला एक, लिंबांना एक, दहा रुपयांच्या कोथिंबिरीलासुद्धा एक. मोठी पिशवी मी घरून नेतच होते. घोळ होता तो तिच्या पोटात शिरणाऱ्या या पिल्लांचा.

कायद्याने ही पिल्लं केव्हाच बंद व्हायला हवी होती. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये बंदीची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५,००० रुपये. देशभरातही ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. तरी भाजीवाल्या मावशी गठ्ठ्यातून एक फर्रकन ओढतात, फुंकर मारून उघडतात, आणि आपण तोंड उघडायच्या आत मिरच्या आत पडलेल्या असतात. त्यांचंही चूक म्हणवत नाही, मागे दहा गिऱ्हाइकं उभी असतात. म्हणून आपली पिशवी आधीच हातात उघडून धरलेली हवी. गेलं दीड वर्ष मी जे जे धरून पाहिलं, त्याचा हा हिशेब.

आधी एक फसवी पिशवी बाजूला काढू

साडीच्या दुकानात किंवा लग्नात मिळते ती रंगीत, नाव छापलेली, 'कापडी' म्हणून दिलेली पिशवी कापडाची नसते. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. टोकाला काडी लावून बघा, सुती कापड राख होतं, ही वितळून गोळा होते. घरात आलेल्या आहेत तर जरूर वापरा, कांदे-बटाटे आणायला ठीक आहेत. पण दोन-चार धुण्यांत लव सुटते, बंद उसवतात आणि वर्षभर उन्हात राहिली तर हातात भुगा येतो. पर्याय म्हणून पैसे देऊन ही घेऊ नका.

जुन्या लुगड्याच्या पिशव्या

माझा कौल इथेच आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

सासूबाईंचं एक सुती नऊवारी पेटीत पडून होतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एका पिशवीला साधारण ३५ बाय ९० सेंटीमीटरचा तुकडा लागतो: मधे दुमडायचा, दोन बाजू शिवायच्या, वर नेफा घालून नाडी ओवायची. लुगडं धड असतं तर पंचवीसेक झाल्या असत्या, पण विरलेला भाग टाकून माझ्या हाती १७ लागल्या. कडा आत दुमडून दुहेरी टीप मारली नाही तर सुटलेले दोरे मेथीत सापडतात, हे पहिल्या तीन पिशव्यांनी शिकवलं.

घरच्या काट्यावर एक पिशवी २२ ग्रॅम भरली. वजनाचा मुद्दा इतक्यासाठी की लोक विचारतात, पिशवीचेही पैसे पडत नाहीत का? मंडईत तो प्रश्नच येत नाही, भाजी तागडीत मोजून मग पिशवीत ओततात. मॉलमध्ये मात्र पिशवीसकट काट्यावर जाते. टोमॅटो ३० रुपये किलो असेल तर २२ ग्रॅमचे ६६ पैसे, सोडून द्या. पण बेदाणा ३०० रुपये किलोने घेतलात तर साडेसहा रुपये नुसत्या चिंधीचे. तिथे आधी रिकामी पिशवी ठेवून काटा शून्य करायला सांगायचं, त्याला तसं बटण असतं. आणि किमतीचा स्टिकर कापडावर न लावता नाडीला दुमडून लावायला सांगा, नाहीतर धुतल्यावर गोंदाचा चिकट चौकोन तसाच राहतो.

पालेभाजीला या पिशवीसारखं दुसरं काही नाही. मेथी, शेपू, पालक ओले असताना प्लॅस्टिकमध्ये राहिले की पाणी आतच कोंडतं आणि पाला काळा पडतो. विरलेलं सुती कापड ते पाणी पिऊन घेतं. कोथिंबिरीच्या मुळ्या कापून, पाणी झटकून, पिशवीतच गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर आमच्याकडे आठवडाभर निघते.

आता उणं. गाजर, काकडी, दोडका कापडात ठेवून फ्रीजमध्ये विसरलात तर तिसऱ्या दिवशी लुळे पडतात. फ्रीजची हवा कोरडी, कापड ओलावा धरतं आणि सोडूनही देतं. या एका बाबतीत प्लॅस्टिक सरस होतं, हे मान्य करायला हवं. मी या भाज्या घरी आल्यावर झाकणाच्या डब्यात टाकते.

जुनं कापड नसेल तर? कापड पेठेत मांजरपाट मिळतो, इचलकरंजी जवळच असल्याने सुती कापडाला आपल्याकडे तोटा नाही. पण मांजरपाटाची पिशवी जड, त्याच मापाची माझी ४५ ग्रॅम भरली. आणि नवं कापड म्हणजे नवा कापूस, त्याला लागलेलं पाणी, फवारणी. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता: हवामानावरचा भार पाहिला, तर सामानाची एक नवी सुती पिशवी एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. तो आकडा मोठ्या पिशवीचा आहे, आपल्या लहान पिशवीचा नव्हे. पण आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर सव्वा वर्ष होतं. म्हणून बारा नव्या पिशव्यांचा संच मागवून दोनच वापरणं हा सगळ्यात वाईट सौदा. लुगड्याला हा हिशेब लागत नाही, त्याने आपलं काम आधीच केलेलं आहे.

जाळीच्या पिशव्या

ऑनलाइन फोटोत या फार गोड दिसतात. सुती जाळीत संत्री, पांढरी भिंत, वगैरे. आपल्या मंडईत काय होतं ते ऐका. मिरचीची टोकं भोकांतून बाहेर येतात आणि ओढताना देठ तुटतात. मेथीच्या काड्या अडकतात. दोन किलो कांदे घातले की जाळी लांबत लांबत गुडघ्यापर्यंत येते. बटाट्याची माती गाडीभर सांडते (घरी सांडण्यापेक्षा बरं, हेही खरं).

तरी दोन सुती जाळ्या मी ठेवल्या आहेत, त्या आणण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी. कांदा आणि लसूण जाळीत घालून खुंटीला टांगले की हवा लागते, कोंब लवकर येत नाहीत, पावसाळ्यात सडके कांदे चटकन दिसतात. लिंबं, मोसंबी, नारळ यांनाही चालते.

पॉलिएस्टरची बारीक जाळी हलकी असते, झटकन वाळते, आतलं दिसतं म्हणून कॅशियर खूश. पण तीही प्लॅस्टिकच, प्रत्येक धुण्यात तिचे बारीक तंतू पाण्यात जातात. मॉलमध्येच खरेदी करणाऱ्याने घेतली तर मी नाक मुरडणार नाही.

वायरची पिशवी

प्लॅस्टिकच्या वायरने विणलेली, चौकोनी बुडाची. आईची एक वीस वर्षांहून जुनी आहे. फेकायच्या प्लॅस्टिकला टिकाऊ प्लॅस्टिकने उत्तर, आणि मला ते पटतं. ती आडवी पडत नाही, स्कूटरच्या पायाशी उभी राहते, खाली बटाटे, वर टोमॅटो असा थर नीट लागतो, घरी आल्यावर नळाखाली धरली की स्वच्छ. घडी होत नाही हा तोटा, अन् भरली की मुठी हात कापतात. ही लहान पिशव्यांची जागा घेत नाही, त्यांना पोटात घेते. एकट्यादुकट्याचं घर असेल तर हिची गरज नाही.

डबा आणि कागद

पनीर, ओलं खोबरं, मासे: स्टीलचा डबा, दुसरा विचारच नको. द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षांनाही डबाच, कापडात खालचे मणी फुटून रस लागतो. कागदाची पुडी आल्या-मिरचीला चालते, पण भजी-वडे वर्तमानपत्रात घेऊ नका. शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच ते बंद केलं आहे.

काय घ्याल

मंडईत जात असाल तर जुन्या साडीच्या सहा पिशव्या शिवा: चार मोठ्या, दोन लहान, मिरची-आल्यासाठी. मॉलवाल्यांना चार पुरतात. वेळ किंवा शिवणयंत्र नसेल तर उशीचे जुने अभ्रे घ्या, नाडीऐवजी रबर लावा, दिसायला गबाळं पण काम तेच. आणि पिशव्या राहतात कुठे ते आधी ठरवा. माझ्या पहिल्या महिनाभर कपाटात छान घडी करून राहिल्या, मंडईत मात्र मी रिकाम्या हाताने उभी. आता भाजी काढली की लगेच दाराच्या कडीला, तिथून गाडीच्या डिकीत. मावशींनाही सवय झाली आहे. "वैनी, पिशवी आणलीय न्हवं?" असं त्याच आधी विचारतात.

रंगाची मात्र खबरदारी घ्या. आमच्या लुगड्याचे काठ लाल होते आणि मी ते हौसेने पिशवीच्या बुडाला ठेवले. पहिल्याच पावसात ओला फ्लॉवर आणला तो गुलाबी होऊन निघाला, घरात कुणी खाईना. मग पिशव्या उसवल्या, काठ कापले, मिठाच्या पाण्यात दोनदा भिजवले. ते काठ आता वायरच्या पिशवीच्या मुठींना गुंडाळलेले आहेत, भरलेली असली तरी हात कापत नाहीत.